बंद घरांना हात

शिकवायला म्हणून मी त्या लहानशा बेटावर दोन वर्षं राहिले. बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा ही तिथली रीत. शेजारच्या सिनाबाई मला सकाळी गाडीने शाळेत सोडायच्या. बेटाच्या सभागृहात त्या गावाच्या प्रतिनिधी होत्या. राज्य बेटावरच्या लोकांचं, झेंडा त्यांचा, पासपोर्ट मात्र दूरच्या मोठ्या देशाचा. त्यामुळे दर विमानाने कोणी ना कोणी तिकडे कामाला जायचं आणि तिकडचंच होऊन राहायचं.

समोरून गाडी क्वचितच यायची. मग सिनाबाई बंद घरांना हात करायच्या, गेलेल्यांना निरोप द्यायचा राहून गेला असावा तशा. बघून बघून मीही करू लागले. मनात काही यायचं नाही. देश म्हणवून घ्यायला माणसं किती लागतात, एवढंच कधीतरी वाटून जायचं.

एका घरापुढे मात्र त्यांचा हात स्टिअरिंगवरून उठायचा नाही. त्या घराच्या खिडकीतून पपईचं झाड बाहेर आलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझ्या थोरल्याचं," त्या म्हणाल्या. "तो यायचाय अजून."

पुढच्या घराला आम्ही दोघींनी हात केला.