व्यवसाय : निरंक

“काका, बाईंनी गिरणीत पाऊल ठेवलं नाही, आणि आजार म्हणे गिरणीचा! शाळा कितवीपर्यंत झाली तुमची?”

परळच्या सरकारी कामगार कार्यालयात साहेबाने माझा अर्ज दोन बोटांत लोंबकळता धरून विचारले. शेजारचा कारकून हसला.

“सातवी,” मी म्हणालो. लालबागच्या नाक्यावर माझ्या टेबलापाशी अर्ज लिहून घ्यायला पदवीधर रांग लावतात. ते सांगणे राहून गेले.

मागे बाकावर वहिनी बसल्या होत्या. आई गेल्यावर मला वाढवले ते यांनीच. एक जिना चढताना चार वेळा थांबल्या होत्या. छातीत पाणी भरे. काढले की थोडे दिवस श्वास, पुन्हा तेच. आडवे होता येत नव्हते. डॉक्टरांनी नाव सांगितले : मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. बरा न होणारा. अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जातात आणि तीस-चाळीस वर्षे गप्प बसतात. माझे दादा गिरणीच्या बॉयलरखात्यात वाफेच्या नळांना तेच गुंडाळत. कपडे पिठात लोळल्यासारखे पांढरे होऊन येत. वहिनी ते गॅलरीत झटकत, मग मोरीत धूत.

त्यांचे मागणे एकच. हे दुखणे गिरणीच्या धुळीचे, अशी सरकारी नोंद डोळ्यांदेखत व्हावी.

साहेबाने अर्ज माझ्याकडे फिरवला. “अक्षर तुमचंच ना? वाचा.”

व्यवसाय : निरंक.

मीच लिहिले होते. बाईचा अर्ज असला की त्या रकान्यासाठी आम्ही अर्जलेखक काही विचारत नाही. हात आपोआप चालतो. या हाताने किती बायका निरंक केल्या, देव जाणे.

मागून तुटक आवाज आला. “भावजी... एवढी वर्सां कपडे धुतलंय... ता काम नाय काय?”

कारकून पुन्हा हसला. मी पेन काढले आणि तो शब्द खोडला.

“खाडाखोड चालत नाही,” साहेब म्हणाला.

“मग नवा लिहितो. इथेच. पोच मिळेपर्यंत उठणार नाही.”

लिहिले : व्यवसाय, बॉयलरखात्याचे कपडे धुणे, एकोणीस वर्षे, बिनपगारी. अर्जाखाली ‘आपला कृपाभिलाषी’ लिहिण्याची माझी जन्माची सवय. त्या दिवशी फक्त सही केली.

पोच मिळाली. उत्तर आले नाही. वहिनी दोन महिन्यांत गेल्या, बसल्या बसल्या, उशी पोटाशी धरून.

स्मशानातल्या फॉर्मवरही तोच रकाना होता. तिथल्या माणसाने न विचारता पेन टेकवले. मी त्याचे मनगट धरले.

“लिहा, धुणे. कशाचे, तेही लिहा.”

दर सोमवारी ती पोच घेऊन मी त्या साहेबासमोर उभा राहतो. तो म्हणतो, “काका, बाई तर गेल्या.” मी म्हणतो, “अर्ज जिवंत आहे.” नोंद होईपर्यंत तो मी मरू देणार नाही.