मेहनाजची सही

सौदीत खमीस मुशैतला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कादिर होडेकर आणि त्यांची बायको मेहनाज तेरा वर्षं राहिले. मी इथल्या सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, मूळची वाईची. माझी मुलगी स्मृती मेहनाजकडे गणित शिकली. मेहनाज इंडियन स्कूलमध्ये शिकवायची आणि घरी आल्यावरही तिच्या हातात लाल पेन असायचं. कादिरभाई किनाऱ्यावरच्या जिझानला गेले की मासळी आणायचे, त्यातली अर्धी आमच्याकडे यायची. माणूस मऊ होता. मुलांवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात हा मऊपणा कुठे दिसणार नाही.

कादिरभाई कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीत कॅम्प सुपरवायझर होते. कागदावर कंपनी एका सौदी कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसे निघतात त्या मालकाची, चालवायचा उसामा मुकादम. उसामा हा जैनुद्दीन मुकादमांचा पुतण्या, आणि जैनुद्दीन मुकादम म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं सावणे गाव. गावातले प्रमुख गृहस्थ असं मी म्हणत नाही, गाव म्हणजेच ते. ते स्वतः दोनदा सरपंच, मग जिल्हा परिषदेवर. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा त्यांची बायको सरपंच. धाकटा भाऊ पतसंस्थेचा चेअरमन, मेव्हणा ठेकेदार, रेशन दुकान चुलत सुनेच्या नावावर. गावात ज्याला बाहेर जायचं त्याचा व्हिसा उसामाच्या हातात.

कादिरभाईंचे वडील बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. त्या वर्षी जैनुभाईंनी त्यांना व्हिसा मिळवून दिला. तेव्हापासून ते त्या घराचे झाले. सगळ्या गावासारखं तेही जैनुभाईंना ‘मोठे’ म्हणायचे. सावण्याचे किती मतदार सौदीत आहेत, कोण जिझानला, कोण मक्क्यात, कोणाची सुट्टी कधी लागते, हे सगळं त्यांना पाठ होतं. निवडणूक आली की त्यांचे फोन सुरू व्हायचे. जो मुकादमांच्या बाजूने मत द्यायला जाईल त्याची रजा उसामा मंजूर करायचा आणि तिकीटही काढून द्यायचा. जो कां-कूं करील त्याच्या इकाम्याचं, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचं, काम हळूच मागे पडायचं. कादिरभाई हे मला चहा पिताना, काही लपवण्यासारखं नाही अशा सुरात सांगायचे. "गावासाठी करतो ताई," म्हणायचे. मी ऐकून घ्यायची. मलाही त्यात तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं.

२०२२च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी मेहनाजकडे बसले होते. ती वह्या तपासत होती. कादिरभाई आले, चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मोठ्यांचा निरोप आहे. जागा परत बायकांची झालीय. या वेळी सरपंच तू."

मेहनाजने मान वर केली नाही. "त्यांच्या घरातल्या बायका कुठे गेल्या?"

"मोठ्या भाभी आता थकल्या. सुनांना सगळ्यांना तीन-तीन मुलं. दोन हजार एकनंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. आपल्याला दोनच."

"म्हणजे दोन मुलं, एवढीच माझी लायकी."

"नंदाताई बसल्यात," ते म्हणाले.

"बसू देत. मी नाही म्हटलं तर काय होईल?"

कादिरभाई स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. "माझा इकामा महिनाभर उसामाच्या टेबलावर पडलाय," एवढंच म्हणाले.

मेहनाजने शाळेचा राजीनामा दिला. तिच्या आणि मुलांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट लागली, म्हणजे कायमचं परत जाणं. सादिया दहावीत, झयान सातवीत, वर्ष अर्ध्यावर. सामान बांधताना सादिया सगळ्यांसमोर म्हणाली, "मुझसे किसी ने पूछा?"

निवडणूक बिनविरोध झाली. विरोधात एका मुलाच्या आईने अर्ज भरला होता. तो मुलगा इथे जिझानला उसामाच्याच कंपनीत होता. त्याला फोन कादिरभाईंनी केला. दुसऱ्या दिवशी आईने अर्ज मागे घेतला. हे मला फार नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून.

पहिलं वर्ष मेहनाज मला फोनवर गमती सांगायची. "ताई, इथे ग्रामसभेचं इतिवृत्त आधी लिहून येतं, सभा नंतर होते." तिने शाळेच्या मुलींच्या बंद स्वच्छतागृहाचं कुलूप तोडायला लावलं. आलेला प्रत्येक कागद ती वाचायला मागायची. ग्रामसेवक वैतागायचा, मेव्हणा हसायचा, "मॅडम, ही परीक्षा नाही." तिचा उत्साह ऐकून मलाच भीती वाटायची. कादिरभाई मात्र सुरुवातीला खुशीत होते. कॅम्पमधली माणसं त्यांना सरपंचसाहेब म्हणू लागली होती.

मग नळपाण्याची योजना आली. टाकी उभी राहिली, पाइप मुकादमांच्या मोहल्ल्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. खाली भोईवाडी आहे, तिथल्या बायका उन्हाळ्यात टेकडी चढून पाणी भरतात. कागदावर पाइप भोईवाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत गेले होते. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरपंचाची सही हवी होती. मेहनाज स्वतः चालत खाली जाऊन बघून आली आणि दाखला टेबलाच्या खणात ठेवून दिला. मला म्हणाली, "ताई, खोदलेलं असतं तर निदान माती तरी हललेली दिसली असती." दोन आठवडे तिने सही केली नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी, नमाजानंतर, कादिरभाईंनी तिला फोन केला. काय बोलणं झालं ते तेव्हा मला कळलं नाही. शनिवारी तिने सही केली. त्यानंतर बरेच दिवस तिचा मला फोन आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भोईवाडीने तक्रार केली. चौकशी लागली. ठेका मेव्हण्याच्या ड्रायव्हरच्या नावावर निघाला, ड्रायव्हरकडे सरपंचाचा दाखला होता. ग्रामसेवकाची बदली झाली. मेहनाजला पदावरून काढलं आणि तिच्यावर गुन्हा दाखल झाला. अटक टळली, पण दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लागली. भोईवाडीतली एक बाई तिला भर बाजारात म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्हाला वाचता येत होतं ना." मेहनाजने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. तिला ते बोलणं बरोबर वाटलं होतं.

मेव्हण्याचं नाव कुठेच आलं नाही. जैनुभाईंचं तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या हिवाळ्यात जैनुभाई उमऱ्याच्या यात्रेला मक्क्यात आले. उसामाने कादिरभाईंना बोलावून घेतलं, मोठ्यांच्या दिमतीला माणूस हवा म्हणून. कादिरभाई गाडी घेऊन गेले. खमीसहून मक्का म्हणजे अख्ख्या दिवसाचा रस्ता. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत जैनुभाई पलंगावर बसले होते, डोकं नुकतंच भादरलेलं. खजुराची खोकी बांधून घेत होते, गावात वाटायला. पुढचं मला कादिरभाईंनी जसं सांगितलं तसं सांगते.

"मोठे, मेहनाजचं काहीतरी बघायला हवं," कादिरभाई म्हणाले.

"बघतोय ना. वकील दिलाय."

"वकील म्हणतो, गुन्हा कबूल केला तर सोपं जाईल."

"मग ऐकावं वकिलाचं."

"पण ठेका तर तिचा नव्हता."

जैनुभाईंनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "कादिर, सही कुणाची आहे?"

"तिची."

"मी केली? उसामाने केली?"

कादिरभाईंनी दुसरं खोकं पुढ्यात ओढलं.

"ती शिकलेली म्हणून तिला बसवली. शिकलेल्या माणसाने जपून सही करायची असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू घरचा आहेस. झयान अठराचा झाला की त्याला इकडे आणू. आणि हो, पोटनिवडणूक लागेल. मतदारांची यादी नीट करून ठेव."

कादिरभाई म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी उरलेली खोकी बांधून दिली, लिफ्टने खाली नेली, गाडीत रचली. "ताई, मी ठीक आहे म्हणालो," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

परत आल्यावर त्यांनी मेहनाजला फोन केला आणि झयानच्या व्हिसाचं सांगितलं. ती म्हणाली, "तो वकील नको. मी दुसरा बघितलाय. आणि तुम्ही मला त्या शुक्रवारी काय सांगितलंत ते कागदावर लिहून द्या. भारतीय वकिलातीचा शिक्का मारून."

महिनाभर त्यांनी ते टाळलं. मग एक दिवस दुपारी माझ्याकडे आले, मराठी टाइप करून द्याल का विचारायला. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. योजना, दाखला, बायकोकडून सही करून घे असा उसामाचा निरोप, सगळं. शेवटी म्हणाले, "लिहा, मी पत्नीला सही करण्याची विनंती केली." मी तसं लिहिलं आणि मेहनाजला वाचायला पाठवलं.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. "विनंती हा शब्द काढा. जे बोललात तेच लिहा."

कादिरभाईंनी ते दोनदा वाचलं. माझे मिस्टर दत्तात्रय बाहेरून आले, त्यांच्याकडे बघून आत निघून गेले. मग कादिरभाई खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "लिहा ताई. ‘मास्तरीण तू शाळेत. इथे माझं ऐकायचं. उद्या सही झाली नाही तर सादियाचं कॉलेज बंद. तुझ्याच हाताने तिचा दाखला काढून आणशील.’"

मी टाइप केलं. त्यांच्या घरात तेरा वर्षं जाऊन-येऊन असूनही हे वाक्य त्यांच्या तोंडचं असेल असं मला वाटलं नसतं. मी त्यांना तेव्हा चहाही विचारला नाही.

वकिलातीची माणसं दौऱ्यावर आली तेव्हा त्यांनी सही करून शिक्का घेतला आणि कागद पाठवून दिला. नवीन वकील कौमुदी नावाची तरुण बाई होती. तिने कादिरभाईंना फोनवर स्पष्ट सांगितलं, "याचा फार उपयोग नाही, काका. सरपंच सज्ञान होत्या, वाचून सही केली. नवरा रागावला हा बचाव होत नाही. फाइलला लावते."

कोर्टात गेलेला कागद आठवड्यात उसामापर्यंत पोचला. उसामाने आरडाओरडा केला नाही. कादिरभाईंना केबिनमध्ये बसवलं, कहवा पाजला आणि म्हणाला, "चाचा, थकलात तुम्ही. यल्ला, चला, जरा हलकं काम देतो." त्यांना जिझानला पाठवलं, आणि करार संपला तेव्हा पुढचा केला नाही. तेवीस वर्षांची नोकरी तिथे खलास झाली. आता ते तिथेच दुसऱ्या कफीलकडे, गुरांच्या चाऱ्याच्या गोदामात रखवालीला आहेत. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी दिवसभर धुळीत. छातीचा त्रास सुरू झालाय, मी औषधं सांगते, ते घेतात की नाही माहीत नाही.

पोटनिवडणूक लागली तेव्हा यादी नदीमकडे होती. नदीम कादिरभाईंच्या मामेबहिणीचा मुलगा, त्याला उसामाकडे चिकटवणारे कादिरभाईच. त्यांनी नदीमला फोन करून सांगितलं, हे सोड. नदीम अदबीने म्हणाला, "मामू, तुम्ही वीस वर्षं केलंत तेव्हा आम्ही काही बोललो का?" मग त्यांनी स्वतः माणसांना फोन लावले. जुने सोबती, कॅम्पमधले, मक्क्यातल्या हॉटेलांतले. काहींनी उचलले. सगळ्यांनी तब्येतीची चौकशी केली, मेहनाजभाभींना सलाम सांगा म्हणाले. मग रजा घेऊन, तिकिटं घेऊन गावाला गेले आणि नेहमीसारखं मत देऊन आले.

नदीमची बायको आलिमा सरपंच झाली. तिलाही दोनच मुलं.

मेहनाज आता गावातच शिकवण्या घेते. सादिया रत्नागिरीत फार्मसीला आहे. सुट्टीला घरी असताना वडिलांचा फोन आला की झयानच्या हातात देते. मेहनाज मात्र त्यांच्याशी बोलते. घरचं, औषधांचं, पोस्टातल्या कागदांचं. ते सुट्टीवर कधी येणार हे विचारत नाही. मी एकदा तिला म्हटलं, त्यांनी लिहून दिलं ना सगळं, आता सोड. ती म्हणाली, "दिलं ताई. मी वाचलं. ते खरं आहे."

मागच्या महिन्यात ती आलिमाकडे गेली होती. जायची तिची इच्छा नव्हती, पण पोरीला कोणीतरी सांगायला हवं असं तिला वाटलं. आलिमाने सरबत दिलं, पंखा लावला. मेहनाज म्हणाली, "बाई, एकच सांगायला आले. काहीही आलं तरी वाचल्याशिवाय सही करू नकोस. समजलं नाही तर माझ्याकडे घेऊन ये."

आलिमा लाजली. पदर सारखा करत म्हणाली, "आपा, मला वाचता येत नाही. सही तेवढी मोठ्यांनी शिकवली. म्हणाले, एवढं पुरे."