पहिलं नाव कुणाचं

कामशेतवरून वडिवळे धरणाकडे निघालं की वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. मी काहीही लिहिलं तरी कुठल्या तरी एका आळीचं नाव आधी येणार, आणि दुसरी आळी माझ्या घरावर चालून येणार. आत्ता 'वरची आणि खालची' लिहिलं तेव्हाच खालच्या आळीत कुणाला तरी ठसका लागला असेल.

दोन्ही आळ्या एकाच भावकीच्या. आडनाव एक, सुतक एक. एकमेकांच्या मयताला सगळ्यांच्या आधी धावतात. चैत्रातल्या भैरवनाथाच्या जत्रेच्या मानाचा विषय मात्र निघू द्या, सख्खे चुलते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कुणा शहाण्या माणसानं फार पूर्वी तोडगा काढून ठेवलाय, की पहिला नारळ एक वर्ष या आळीचा, एक वर्ष त्या आळीचा. तो तोडगा सगळे पाळतात. पण अगदी पहिल्या वर्षी पहिला मान कुणाचा होता, यावर आजही डोकी फुटतील.

या गावात सविता नांदते. माहेर पवनानगरकडचं, शिक्षण बारावी, वय छत्तीस. नवरा माऊली खालच्या आळीतला. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जातो. आणि सविता लोणावळ्याला एका बंगल्यावर कामाला जाते. मालक मंडळी शनिवार-रविवारी येणार. त्यामुळे शुक्रवारी बंगला धुवायचा, सोमवारी परत धुवायचा, आणि मधले दिवस मळू नये म्हणून पुसत राहायचं. बारा वर्षं ती हे करत होती. कंबर कामातून गेली होती. तिची एकच इच्छा होती, जी ती कुणाजवळ बोलायची नाही: गावातच, खुर्चीवर बसून करायचं, डोक्याचं काम मिळावं.

दोन वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी एक जुना लॅपटॉप टाकायला काढला. बॅटरी मेलेली, तारेवरच चालायचा. "भंगारवाल्याला दे," म्हणाल्या. सवितानं विचारलं, "मला चालंल का?" त्यांनी हसून हो म्हटलं. त्या दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकल्यावर, तिनं कामशेतला श्रद्धा मॅडमच्या क्लासात नाव घातलं. वेब पेज बनवायला शिकवतात असं पाटीवर होतं. श्रद्धा मॅडम तळेगावच्या, वयानं सवितापेक्षा लहान. बाकीच्या मुली कॉलेजातल्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं ही कुणाची तरी आई फी भरायला आलीय.

पण ही आई भारी निघाली. श्रद्धा मॅडमनी सांगितलं, की पानावर जे काही दाखवायचं त्याच्या आधी एक खूण उघडायची आणि नंतर तीच खूण बंद करायची. पोरी बंद करायला विसरत आणि सगळं पान ठळक अक्षरांत नाहीतर तिरकं होऊन बसे. सविता कधी विसरली नाही. "उघडलेला डबा झाकायचा, येवढंच तर हाय," ती म्हणाली. मॅडम हसल्या आणि पुढं दर बॅचला हेच सांगू लागल्या.

बंगल्यात मंगळवार-बुधवारी कुणी नसायचं. काम आटपून ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप मांडायची, मिक्सरची पिन काढून तिथं त्याची घालायची, आणि उभ्यानंच सराव करायची. आपण लिहावं आणि ते पडद्यावर रंगीत होऊन दिसावं, याचं तिला वेड लागलं. बारा वर्षांत तिच्या हातून झालेलं प्रत्येक काम दुसऱ्या दिवशी मळलं होतं. हे तसंच राहायचं. उद्या उघडलं तरी तसंच. हा आनंद कसला असतो ते ज्यांनी रोज लादी पुसलीय त्यांनाच कळेल, तुम्हा-आम्हाला नाही.

त्याच सुमारास गावातल्या ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर नोकरी सोडून गेला. खोली बंद, खुर्ची रिकामी. आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष दत्तोबा, वरच्या आळीतलं सगळ्यात मोठं पागोटं, यांच्या कानावर गेलं की शेजारच्या गावानं आपल्या जत्रेचं इंटरनेटवर पान काढलंय. शेजारचं गाव पुढं गेलं हे काही त्यांना सोसवेना. त्यांनी सविताला देवळात बोलावलं.

"पोरी, तू ते शिकतीस म्हनं. आपल्या नाथाचं पान करशील का?"

"करीन की आबा."

"नीट झालं ना, तर त्या आपरेटरच्या जागेला तुझंच नाव घालतो. ग्रामसभेत म्होरं ठेवतो. राजेंद्र, बरुबर का न्हाई?"

राजेंद्र म्हणजे खालच्या आळीचा पंचायत सदस्य. तो म्हणाला, "व्हय की. आपलीच सून हाय."

घरी येताना सविताचे पाय जमिनीवर नव्हते. माऊलीला सांगितलं तर तो भाकरीचा घास हातात धरून बघत राहिला. "खुर्चीवर?" त्यानं विचारलं. "खुर्चीवर," ती म्हणाली.

तीन आठवडे तिनं जीव ओतला. वर नाथाचं नाव, शेंदरी रंगात. पालखीचा फोटो. गाव कसं वसलं त्याची हकिगत, म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेली. कुस्त्यांचा दिवस, छबिन्याची वेळ. आणि खाली मानकऱ्यांची यादी. यादी करायच्या दोन खुणा असतात. एक वापरली की ओळींपुढं आपोआप आकडे पडतात. दुसरी वापरली की नुसते ठिपके. सविताला आकडे छान वाटले. सरकारी कागदासारखं दिसतं, असं तिच्या मनात आलं. श्रद्धा मॅडमनी पान नेटवर चढवून दिलं आणि सवितानं त्याचा दुवा कमिटीच्या ग्रुपवर टाकला.

मानकऱ्यांच्या यादीत लिहिलं होतं: एक, खालची आळी. दोन, वरची आळी.

यंदा नारळाची पाळी खालच्या आळीची होती, म्हणून तिनं तसं लिहिलं. त्यात काही चूक नव्हती. पण पाळी एका वर्षाची असते आणि इंटरनेटवरचं पान कायमचं, हे वरच्या आळीनं पाच मिनिटांत ओळखलं. तिला नाही ओळखता आलं, कारण ती पवनानगरची. तिच्या रक्तात हा वाद नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा स्वतः दारात.

"आमाला दोन नंबर दिलास व्हय गं? आता जगभर दोन नंबर!"

तिनं हात जोडले आणि त्याच दिवशी आकडे काढून ठिपके घातले. तरी उपयोग झाला नाही. ठिपका झाला म्हणून काय, वरचा ठिपका तो वरचाच. मग तिनं दोन्ही नावं शेजारी शेजारी घातली. तर डावी बाजू आधी वाचतात हे कुणीतरी शाळेतल्या गुरुजींना विचारून आलं. नावं उलटी फिरवली, तेव्हा राजेंद्रचा फोन आला. "आपल्याच घरात राहून आपल्याच आळीला खाली दाबतीस?"

ती रडकुंडीला आली. श्रद्धा मॅडमकडं गेली आणि म्हणाली, "मॅडम, दोन्ही पहिली कशी करायची?"

मॅडमनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "आपण अजून शिकलो नाहीये तो भाग आहे, पण तुला जमेल. पान प्रत्येक वेळी उघडताना संगणकच मनातल्या मनात नाणं उडवेल. कधी हे नाव वर, कधी ते वर. यात तुझा हात नाही, कुणाचाच नाही."

सविताला हे फार पटलं. हा तर गावाचाच न्याय होता, वर्षाआड पाळीचा. पुढचे चार दिवस ओट्यापाशी उभी राहून तिनं तेवढ्या सात-आठ ओळी घोटल्या. कितीदा तरी पान कोरंच यायचं, एखादा कंस राहिलेला असायचा. शेवटी जमलं. तिनं वीस वेळा पान उघडून बघितलं. अकरा वेळा वरची आळी वर, नऊ वेळा खालची. तिला इतका आनंद झाला की त्या रिकाम्या बंगल्यात ती एकटीच मोठ्यानं हसली. माझ्या मते तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. अशा दिवसाला पुढचं माहीत नसतं तेच बरं.

ग्रामसभा रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात भरली. सविता खास रजा घेऊन आलेली, इस्त्रीची साडी नेसून बायकांत बसलेली. माऊली दाराशी उभा. ऑपरेटरचा विषय यादीत शेवटचा होता, आणि त्याच्या आधी पान.

दत्तोबांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून पान उघडलं. त्याच वेळी समोर राजेंद्रनं आपल्या फोनवर उघडलं. नाण्याचं काही सांगता येत नाही. दत्तोबांच्या फोनवर खालची आळी वर आली. राजेंद्रच्या फोनवर वरची.

"हे काय?" दोघं एकदमच म्हणाले.

पुढच्या मिनिटभरात सगळ्या गावानं फोन काढले. याच्यावर हे, त्याच्यावर ते. सविता धावत पुढं गेली. "आबा, परत उघडा. बदलंल. पाळीपाळीनं येतंय, आपल्या नारळावानी."

दत्तोबांनी परत उघडलं. नाव बदललं. आणि तिथंच सगळं संपलं.

"म्हंजी दर मिंटाला फिरतंय? नाथाचा मान हाय का पत्त्यांचा डाव?"

"त्वांड बघून बोलतंय हे पान," मागून कुणीतरी ओरडलं. "ज्याच्या हातात त्याला दाबतंय!"

तिनं नाणं, संगणक, कुणाचा हात नाही, सगळं समजावून बघितलं. ऐकणार कोण? अर्धा तास नुसता कल्ला. मग राजेंद्र उठला आणि त्यानं तोडगा काढला. म्हणाला, भांडणाची जी जी जागा हाय ती पुसून टाकू. सविता लॅपटॉप घेऊन आलेलीच होती. देवळातल्या पंख्याची पिन काढून तिथं लॅपटॉपची घातली, आणि गाव सांगेल तसं ती पुसत गेली.

यादी गेली. पालखीच्या फोटोत पुढचा दांडा वरच्या आळीच्या खांद्यावर होता, म्हणून फोटो गेला. गाव वसल्याच्या हकिगतीत थोरला भाऊ कुठं राहिला आणि धाकटा कुठं, ते आलं होतं. ती हकिगत गेली. कुस्त्यांच्या दिवसावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण त्याखाली बक्षीस देणाऱ्यांची नावं होती, म्हणून तो सगळा भाग गेला, छबिन्याच्या वेळेसकट. पुसताना बोटं चुकत नव्हती. पुसायला तर ती बारा वर्षं शिकत आली होती.

सगळ्यांनी परत फोन काढले. आता वर शेंदरी रंगात नाथाचं नाव होतं आणि खाली जत्रेची तारीख. माना डोलल्या. दत्तोबांनी खात्रीसाठी पान बोटानं वर सरकवलं आणि थांबले.

"ह्ये तळाला काय लिव्हलंय?"

तळाला, अगदी बारीक अक्षरांत, तिनं लिहिलं होतं: पान बनवणार, सविता माऊली, आणि पुढं आडनाव. श्रद्धा मॅडमनी सांगितलं होतं, बनवणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं.

"माऊलीचं नाव आलं की. म्हंजी खालची आळी आलीच ना," दत्तोबा म्हणाले. रागानं नाही, हिशेब समजावून सांगावा तसं.

सवितानं राजेंद्रकडं बघितलं. तिला वाटलं, निदान हा तरी बोलेल. राजेंद्र म्हणाला, "काढ गं. येका ओळीपायी कशाला परत नाट लावायची?"

तिनं दाराकडं बघितलं. माऊली चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत होता. तिनं ती ओळ काढली.

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या, कित्येक वर्षांत दोन्ही आळ्यांनी एकदम टाळी वाजवायची ही पहिलीच वेळ. दत्तोबा म्हणाले, "गाव येक केलंस पोरी. जत्रंत तुझा सत्कार करू." मग सत्कार कुणाच्या हातून, असं कुणीतरी विचारलं, आणि तो विषय तिथंच मिटला.

राहिला ऑपरेटर. राजेंद्रनंच मुद्दा मांडला. "आता येक झालोय तर आपरेटर बी बाहेरचाच बघू. कामशेतचा येकजण तयार हाय. ना ह्या आळीचा, ना त्या." दत्तोबांनी मान हलवली. हात वर झाले, सगळेच. बायकांत बसलेल्या सविताच्या सासूनं, धोंडाबाईनंसुद्धा हात वर केला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ही जागा सुनेची होती. सविताचा एकटीचा हात खाली राहिला, आणि तो मोजायची कुणाला गरज पडली नाही.

घरी जाताना माऊली म्हणाला, "म्होरल्या वर्षी बघू."

"म्होरल्या वर्षी बी आळ्या दोनच असत्याल," ती म्हणाली.

सोमवारी ती बंगल्यावर गेली. पाहुणे येऊन गेले होते, सगळीकडं चिखलाची पावलं. दुपारी श्रद्धा मॅडमचा फोन आला: पुढचा भाग सुरू होतोय, ये, तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला परत मिळायची नाही. "येते," सविता म्हणाली, आणि गेली नाही. फोन ठेवून तिनं फडकं पिळलं आणि जिना वरच्या पायरीपासून पुसायला घेतला. पूर्वी या जिन्यावर तिची नुसती कंबर दुखायची. आता आपल्याला दुसरं काम येतं, हे ठाऊक होतं, आणि ते कमरेपेक्षा जास्त दुखत होतं.