हाताचा सव्वा महिना

वडिलांचा लकवा मारलेला उजवा हात मी बाळंतिणीसारखा सांभाळला. मफलरमध्ये गुंडाळायचा, वारं लागू द्यायचं नाही, गार पाणी लावायचं नाही, काम तर अजिबात नाही. दवाखान्यातून सुटताना व्यायामाचा कागद मिळाला होता. तो हरवू नये म्हणून मी कपाटात इतका नीट ठेवला, की पुन्हा काढलाच नाही.

त्याचं कारण पेपर. गुलमंडीत मी ज्या कापडदुकानात नोकरीला होतो, तिथं वाचलं, की लकवा झालेल्या उंदरांच्या मेंदूत स्टेम सेल नावाच्या मूळ पेशी सोडल्या आणि त्यांची चाल सुधारली. आमच्यात नव्या जिवाला सव्वा महिना जपतात. वडिलांच्या डोक्यातही नवा जीव धरायचा, तर हाताला आराम हवाच. पेशी मिळायच्या आधीच मी सुरुवात करून टाकली.

"हाताचं बारसं कवा धरलंय?" बायकोनं विचारलं. वडिलांची जीभ जड झाली होती, पण टोमणा कळला. वाकड्या तोंडानं हसले.

वर्ष दुष्काळाचं. करमाडकडची आमची चराईची रानं कारखान्यांच्या कुंपणात गेली, उरलेल्या रानात काडी नव्हती. कळप विकून वडील दोन शेळ्या घेऊन शहराच्या कडेला आमच्याकडं राहायला आले होते. लकव्यानंतर त्या दोनही त्यांना नकोशा झाल्या. "इकून टाक," म्हणायचे, "हात नाय, तर शेळ्या कशाला." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. शेळ्या गेल्यावर हा माणूस उठून बसणार तरी कशासाठी?

सव्वा महिना भरला, तसं कात्रण घेऊन मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. "ह्या पेशी कधी टाकायच्या?"

त्यांनी कात्रण वाचलं. "हे उंदरांवर झालंय. माणसांवर चाचण्या चालू आहेत, आशाही आहे. पण आज मी देऊ शकत नाही." मग त्यांचं लक्ष मफलरकडं गेलं. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या पेशी मेंदूतल्या मेलेल्या भागाशेजारच्या जिवंत भागाला बळ देतात, नव्या जोडण्यांना मदत करतात. पण शिकायचं असतं मेंदूलाच, अन् ते हात हलवूनच. तुम्ही त्याला सुट्टी दिलीत."

"उशीर झाला का?"

"थोडा झाला. पण वेळ गेलेली नाही." त्या वडिलांकडं वळल्या. "बाबा, ह्या हातानं काय करत होता?"

"धार," वडील कसंबसं म्हणाले. "शेळ्यांची."

"मग धारच काढा."

कागद कपाटातून निघाला. रोज सकाळी व्यायाम, मग धार. बायको शेळी धरायची, मी वडिलांची बोटं सडाभोवती धरून दाबायचो, शेळी मला लाथ मारायची. आठवडेच्या आठवडे असे गेले. शेळ्याही आटत चालल्या होत्या.

एका सकाळी मी दाबायच्या आतच बोटं मिटली. भांड्यात बारीकशी धार वाजली. मग आणखी एक. वडिलांनी वर पाहिलंच नाही, डाव्या कोपरानं मला ढोसलं. "सर तिकडं."

बायकोनं भांड्यात डोकावून पाहिलं अन् म्हणाली, "एवढ्यात एकाचाच चहा व्हतो. तो मामंजींचा. तुम्ही कोरा घ्या, अन् शेळ्यांना पाला बघा."