हीटर कमी केला तो हिवाळा

गप्प बसणाऱ्या माणसांत बसलं की किस्से फार साठतात. बोलणारे आपले किस्से स्वतःच सांगून संपवतात.

मी शाळा अर्धवट सोडलेला, परदेशात, एडिसन गावी मामांच्या किराणा दुकानात काम करणारा. इंग्रजी बोलायची लाज वाटायची. दुकानात येणाऱ्या मार्गारेट एकदा म्हणाल्या, "रविवारी आमच्याकडे ये. तिथे कोणी बोलत नाही."

त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या. त्यांच्यात पाद्री नसतो. सगळे तासभर शांत बसतात; कोणाला आतून काही सुचलं, तर तो उठून बोलतो.

मामी म्हणाली, "गप्प बसायला इतक्या लांब ड्राइव्ह करतोस? घरी काय कीर्तन करतोस का?"

*

क्वेकर मिस्टर, मॅडम म्हणत नाहीत. नुसतं नाव. मला जमेना. मी मावशी, काका सुरू केलं. तिथल्याच म्हाताऱ्या वॉल्टरकाकांनी समजावलं, "आम्ही पदव्या मानत नाही."

"ही पदवी नाही, नातं आहे," मी कसंबसं म्हटलं.

पुढच्या रविवारी तेच मार्गारेटना म्हणाले, "मावशी, जरा सरक."

*

मावशींना ध्यास एकच. वॉशिंग्टनला जायचं आणि हवामानबदलाच्या कायद्याला पाठिंबा द्या, असं आपल्या सेनेटरला सगळ्यांच्या वतीने सांगायचं. पण इथे मतदान नसतं. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं. वॉल्टरकाका एकटेच अडून होते. "आपलाच हीटर इतकं तेल पितो. कोणत्या तोंडाने सांगणार?"

मावशी उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि हीटर कमी करून आल्या.

तेव्हापासून काका निषेध म्हणून भलामोठा ओव्हरकोट घालून बसू लागले. एकदा शांततेत उठले. आम्हाला वाटलं, आतून काही सुचलं.

"मला माझे पाय जाणवत नाहीत," म्हणाले आणि बसले.

*

जानेवारीत मात्र काका म्हणाले, "चला वॉशिंग्टनला. एवढा गारठलो, ते फुकट जायला नको."

मामीची थालीपिठं घेऊन आम्ही तिघं ट्रेनने गेलो. सेनेटर भेटले नाहीत. त्यांचा तरुण मदतनीस भेटला. वेळ थोडाच होता.

"आधी जरा शांत बसू," मावशी म्हणाल्या. जरा म्हणजे किती, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्याने घड्याळ पाहिलं, पेन फिरवलं, मग पेन खाली ठेवलं. आणि तोच बोलला.

"आजीचं घर किनाऱ्यावर होतं. वादळात पाणी शिरलं. आता ती आमच्याकडे असते. रोज विचारते, घरी कधी जायचं."

वेळ संपला. काकांनी त्याचा हात हातात घेतला; क्वेकरांची बैठक तशीच संपते.

परतताना मावशी रडवेल्या झाल्या. "कायद्याचं नावसुद्धा काढलं नाही मी."

काका थालीपीठ खात राहिले.

*

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सगळे शांत बसलेले असताना दार उघडलं. सेनेटरांचा तोच मदतनीस. बाहेर बर्फ, अंगात नुसता ब्लेझर. मावशींनी भुवया उंचावून विचारलं, सेनेटरांचा कायद्याला पाठिंबा? त्याने मान हलवली. हो, अशी.

मग तो मागच्या बाकावर कुडकुडत बसला.

काका उठले. ओव्हरकोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि नुसत्या शर्टात जागेवर येऊन बसले.

थोड्या वेळाने मावशी उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या.

"मावशी," काका म्हणाले, "हीटरला हात लावू नकोस."