मुकादम मॅडमचं सर्वेक्षण

कुवेतला, अब्बासियातल्या आमच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूमचा एसी बंद होता. सप्टेंबरचा पहिला आठवडा. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि आत आम्ही. सगळ्याजणी वह्यांनी वारा घेत होत्या. एक बाई तेवढ्या भिंतीकडे तोंड करून, गरम चहाचा कप हातात धरून निवांत बसल्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला उकडत नाही?" त्यांनी मागे न बघताच शेजारची खुर्ची ओढली.

"हयसर बस नि समोर बघ. तिथं आत्ता उणे चाळीस आहे. स्वेटर आणला नसशील तर फार वेळ बघू नको, सर्दी होईल."

समोर भिंतीवर एक भलामोठा नकाशा होता. हमीदा मुकादम मॅडमची आणि माझी ओळख झाली ती अशी, दक्षिण ध्रुवावर. त्या रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. मी गणिताची, पुण्याची, आणि पुण्याची असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीत असलेली. ती समजूत त्यांनी पहिल्या महिन्यातच उतरवली, तीही हसत हसत.

नकाशा ध्रुवाकडच्या एका पर्वतरांगेचा होता. डोंगर जवळजवळ सगळे बर्फात बुडालेले, वर नुसती खडकांची टोकं. रांगेला कुठल्याशा परदेशी राणीचं नाव, मोठ्या शिखरांना आणखी कुणाकुणाची. लहान टोकांपुढे मात्र फक्त उंचीचे आकडे छापलेले होते. मॅडमचे यजमान अहमदीला तेल कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तिथलं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुने नकाशे टाकायला काढले, त्यात हा निघाला. "वाळवंटात बर्फाचा नकाशा कुणी आणून ठेवलेला, अल्ला जाणे," मॅडम सांगायच्या. "ह्यांनी उचलून घरी आणला. सना झाली त्या दिवशी एका टोकाशी पेन्सिलीनं 'सना' लिहिलं नि मला म्हणाले, सोनं नंतर घेऊ, आज डोंगर घे." पुढे सना दहा-बारा वर्षांची असताना ते हृदयविकारानं गेले. घरात नकाशा बघवेना, आणि टाकवेनाही, म्हणून मॅडमनी तो शाळेत आणून लावला.

तिथे त्यांनी यजमानांचा उद्योग पुढे चालू केला. "राणीचं नाव आहे, राणीच्या मोहिमेला पैसे देणाऱ्या शेठचं आहे, कोण जाणे कुणाच्या सासऱ्याचंही असेल. त्यातली राणी तर कधी तिकडं फिरकलीसुद्धा नसेल. मग आपल्या फिलोमिनाचं का नको?" फिलोमिना ही गोव्याची, शाळेच्या बसमधली मदतनीस. बस रिकामी झाली की ड्रायव्हर कितीही ओरडला तरी ती प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. एकदा शेवटच्या सीटखाली एक बालवाडीतलं पोर झोपलेलं सापडलं. कुवेतच्या उन्हात बंद बसमध्ये ते तासभरही टिकलं नसतं. त्याच आठवड्यात बिनानावाच्या टोकांतलं सगळ्यात उंच टोक 'माउंट फिलोमिना' झालं.

नाव द्यायचा समारंभ गुरुवारी, चहाच्या सुट्टीत. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात आत्या 'कुर्र्र' करते, असं मी एकदा बोलून गेले आणि फसले. "मग आत्या तू," मॅडम म्हणाल्या. डोंगराला कान कुठे असतो हा माझा प्रश्न त्यांनी गांभीर्यानं घेतला, नकाशा निरखला आणि म्हणाल्या, "उताराच्या बाजूला." तेव्हापासून मी खुर्चीवर चढून ध्रुवावरच्या डोंगरांच्या कानात कुर्र्र करू लागले आणि खाली बायका खजूर वाटू लागल्या. शाळेचा मंदूब, म्हणजे आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, नि बाकीचे सरकारी कागद करून आणणारा अश्रफ, त्याच्या वाट्याला हिमनदी आली. "ही सरकते हे शास्त्रानं सिद्ध झालंय," मॅडम त्याला म्हणाल्या, "पण सरकताना कुणी बघितलेली नाही." अश्रफनं हसत हसत नकाशाजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावी पाठवला.

नियम एकच होता आणि तो फार कडक होता. मागेल त्याला डोंगर नाही. "बाळ काय पाळण्यातून सांगतं, माझं नाव हे ठेवा म्हणून?" मी पहिल्याच वर्षी मागून बसले होते, त्यामुळे माझं नाव कुठेच नव्हतं.

दुसरे मागणारे होते वर्गीस सर, आमचे प्रिन्सिपल. दोन भाड्याच्या बंगल्यांत सुरू झालेली ही शाळा त्यांनी वाढवली होती. पण या देशात आपल्या माणसाच्या नावावर होतं काय? घर भाड्याचं, गाडी बँकेची आणि शाळेच्या कोनशिलेवर नाव कफीलचं, म्हणजे कुवेती मालकाचं. सरांना डोंगर हवा होता. एवढा रुबाबदार माणूस, पण रोज काहीतरी निमित्त काढून स्टाफरूममध्ये यायचा आणि नकाशासमोर हात मागे बांधून उभा राहायचा. "मुकादम मॅडम, इधर बहुत पीक खाली है."

"मौसम खराब है सर. सर्वे चल रहा है."

सर मान हलवत, घाम पुसत उभे राहायचे. एक दिवस घाम पुसता पुसता त्यांनी एसीवाल्याला फोन लावला. मग पाण्याचा नवा कूलर आला. मग मोडक्या खुर्च्या बदलल्या. एकदा चिडून त्यांनी मॅडमच्या माथी बदलीचे तास मारले, एकदा लाडीगोडीनं कोपऱ्यातला थंडगार वर्ग दिला. मॅडमनी तास घेतले, वर्गही घेतला, डोंगर दिला नाही.

आणि मग सहामाहीचा पेपर आला. आठवीला मॅडमनी प्रश्न घातला होता, दक्षिण ध्रुवाच्या खंडावरील एका शिखराचे नाव लिहा. पोरं वह्या द्यायला स्टाफरूममध्ये येतात आणि भिंती वाचतात, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अर्ध्या वर्गानं 'माउंट फिलोमिना' लिहिलं. एवढ्यावर निभावलं असतं, पण मॅडमनी त्या उत्तराला अर्धा मार्क दिला. "डोंगर खरा आहे, जागा बरोबर आहे. नाव पटायला जगाला अजून वेळ लागेल, म्हणून अर्धा कापला."

एका मुलाचे वडील, इंजिनियर, कापलेला अर्धा मार्क मागायला आले. आपली बाजू भक्कम करावी म्हणून त्यांनी आधी इंटरनेटवर तो डोंगर शोधला होता. तो सापडला नाही. मग मार्क राहिला बाजूला आणि तक्रार गेली थेट मालकांच्या ऑफिसात, की इथे मुलांना खोटा भूगोल शिकवतात. मालकांनी वर्गीस सरांकडून अहवाल मागवला. मॅडमचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. नोकरी गेली की इकामा गेला. सना आईच्या इकाम्यावर होती आणि आमच्याच शाळेत बारावीला. वर्ष अर्धं झालेलं, बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि पोरीला देश सोडावा लागला असता.

आणि अहवाल लिहिणार कोण, तर ज्याला इतकी वर्षं डोंगर नाकारला तो माणूस. स्टाफरूम एका सुरात म्हणाली, आज देऊन टाका. मी स्वतः पेन्सिलीला टोक करून त्यांच्या हातात दिली. सना आली होती. ती घरीही इंग्रजीतच उत्तरं द्यायची. रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, प्लीज. जस्ट गिव्ह हिम द माउंटन."

मॅडमनी तिला जवळ घेतलं. "आज दिला तर ती लाच झाली, बेटा. तुझ्या पप्पांनी तुझं नाव लिहिलंय त्याच कागदावर." त्यांनी पेन्सिल परत माझ्या कंपासपेटीत ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी हट्टी बाई मी पाहिली नव्हती.

परीक्षा विभाग माझ्याकडे, म्हणून अहवालाआधी सरांनी बोलावलेल्या मीटिंगला मॅडमबरोबर मीही होते. इंजिनियर गृहस्थ प्रिंटआउट घेऊन आले होते. "सर, ऐसा कोई पहाड है ही नहीं." वर्गीस सर उठले आणि आम्हा सगळ्यांना नकाशासमोर घेऊन गेले. फिलोमिनाच्या टोकावर बोट ठेवलं. "पहाड है. नाम नहीं था."

"तो नाम रखने की परमिशन किसने दी?"

सरांनी हात मागे बांधले. "मैंने दी. बच्चा लोग को मालूम होना चाहिए, नाम आदमी रखता है. ऊपर से छपके नहीं आता." परवानगी त्यांनी कधीच दिली नव्हती. मी मॅडमकडे बघितलं. त्या सरांकडे बघत होत्या. गृहस्थ बराच वेळ नकाशा न्याहाळत राहिले. त्यांना फिलोमिनाची गोष्ट सांगितली, हिमनदी दाखवली. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "ये बाजूवाला... खाली है क्या?"

मी मॅडमच्या पायावर पाय दिला. त्या म्हणाल्या, "सर्वे चल रहा है." तक्रार मागे घेतली गेली. अर्धा मार्क मात्र अर्धाच राहिला.

सनानं बारावी केली. त्याच उन्हाळ्यात वर्गीस सर निवृत्त होऊन केरळला निघाले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी मला खुर्चीवर चढवलं. फिलोमिनाच्या शेजारचं टोक, इंजिनियर साहेबांनी मागितलेलं. मी कुर्र्र केलं आणि मॅडमनी 'माउंट वर्गीस' लिहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि इतकंच विचारलं, की इतना साल क्यों लगाया?

"सर, ये पहले साल से आपका है," मॅडम म्हणाल्या. "नाम लिख देती, तो आप स्टाफरूम में आते? एसी कौन ठीक कराता?"

सरांनी वर एसीकडे बघितलं. मग इतके हसले की त्यांना बसायला नवी खुर्ची द्यावी लागली.

सना पुढे शिकायला पुण्याला गेली आणि दोन-तीन वर्षांनी मॅडमही नोकरी सोडून गावी गेल्या, नकाशाची गुंडाळी हातात धरून. विमानतळावर मी न राहवून म्हटलं, "मॅडम, माझं टोक?" त्या म्हणाल्या, "हवामान खराब आहे गो. सर्वेक्षण चालू आहे." मी रुमैथिया भागातल्या माझ्या घरी परतले ती रडत आणि हसत.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्यांना फोन करते आणि डोंगराची चौकशी करते. कधी तिकडे वारा असतो, कधी धुकं, कधी म्हणे दोर तुटला. माझ्या बाबतीत एसीची जागा या फोननं घेतली आहे हे मला केव्हाच कळलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

मागच्या शुक्रवारी मात्र आवाज जरा खोल वाटला. डॉक्टरांनी जिने चढायला मना केलंय, असं मध्येच बोलून गेल्या. मग म्हणाल्या, "तुझं एक टोक बघून ठेवलंय. म्हणते, आज लिहूनच टाकावं."

"नको मॅडम," मी म्हटलं. "हवामान खराब आहे. सर्वेक्षण चालू राहू दे."

पलीकडून त्यांचं ते जुनं, खोडकर हसू आलं.

"शिकलीस गो," त्या म्हणाल्या. "बरं. पुढच्या शुक्रवारी फोन कर."