सड्याची हद्द

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास वडिलांची बदली मलकापूरच्या शाळेत झाली आणि आम्ही धाड गावाहून तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. घर बरं होतं, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गल्लीचा उकिरडा होता. राख, खरकटं, फुटकी मडकी, पोरांची घाण, सगळं तिथेच. नगरपालिकेचा झाडूवाला बाजाराचा रस्ता झाडून परत जायचा. गल्ल्या त्याला नेमून दिलेल्याच नव्हत्या.

त्या वर्षी माझ्या तान्ह्या भावाला हगवण लागली ती थांबेना. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "औषध देतो, पण आधी हे हटवा." वडिलांनी नगरपालिकेला अर्ज दिला. आईने उत्तराची वाट पाहिली नाही. पदर खोचून तिने घमेल्याने तो सगळा उकिरडा गावाबाहेरच्या खड्ड्यात नेऊन टाकला. जागा मोकळी झाली तेव्हा तिथे शेणाचा सडा घातला आणि वर रांगोळी काढली. तेवढंच तिचं चुकलं.

आमच्या गल्लीत सडा जिथवर, तिथवर घर, असा हिशेब होता. प्रत्येक बाई आपल्या ओट्यापुढे सडा घालायची आणि शेजारणीची हद्द आली की बेताने हात आवरायची. मोकळ्या जागेवर कुणाचा सडा पडला म्हणजे ती जागा गेलीच. उकिरडा गेला त्याचं कोणाला काही वाटलं नाही. सडा दिसला आणि सगळी गल्ली खडबडून जागी झाली.

समोरच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आज सडा टाकून राह्यल्या, उद्या कुंपण टाकसान."

"मले जागा घेऊन काय करायचं, काकू? पोरगं बिमार हाये माहं. वास तेवढा नको."

"हाव, सारे असंच म्हनतात."

भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई म्हणे जागा बळकावणार. याचं आता हसू यायला हवं, पण मला अजून संतापच येतो. दुसऱ्या दिवशी रांगोळीवर राखेची पाटी ओतलेली होती. मग ज्यांच्या घरी टाकायला काही नव्हतं त्यांनीही कुठून कुठून आणून टाकलं. जागा सगळ्यांची आहे हे दाखवायचं होतं ना. आई रोज उचलायची, ते रोज टाकायचे. शेवटी गल्लीनेच आईविरुद्ध तक्रार केली. आमच्या अर्जाला वेळ न मिळालेले नगरपालिकेचे लोक यावेळी लगोलग आले. त्यांनी टेप लावून मोजणी केली, जागा सार्वजनिक आहे असं सर्वांसमक्ष सांगितलं आणि आमच्या खिडकीखाली पक्की सिमेंटची कचराकुंडी बांधून दिली. गल्लीने पेढे वाटले नाहीत एवढंच.

आईने खिडकीला आतून फळ्या ठोकल्या. भाऊ वाचला, पण अंग धरेना. भरदिवसा रॉकेलची चिमणी लावून आई भाकरी थापायची आणि धुराने चुरचुरणारे डोळे पुसत राहायची. दारापुढे सडा घालणंही तिने सोडून दिलं. काही दिवसांनी ते समोरच्या काकूंनाच खटकलं.

"काऊन वो मास्तरीणबाई, दारात सडा नाई? बरं दिसते का हे?"

आई भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"ही जागा बी माही नाई, काकू," ती म्हणाली. "भाड्याची हाये." आणि तिने दार लावून घेतलं.